क्रियापद कुणाच्या हाती? शोकांतिकेतली चेतनगुणोक्ती वाचायची कशी

प्रश्न असा आहे: ग्रीक शोकांतिकांची भाषांतरं वाचताना काळ, मृत्यू, वेड, रोगराई, आशा अशा गोष्टी माणसासारख्या वागताना दिसतात, काही नाटकांत तर त्या थेट रंगमंचावर येऊन बोलतात. ही शाळेत शिकलेली चेतनगुणोक्तीच का? आणि असेल, तर ‘इथे चेतनगुणोक्ती अलंकार साधला आहे’ यापलीकडे लिहायचं काय?

हो, चेतनगुणोक्तीच. पण शाळेतली व्याख्या अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण दिले की झाली चेतनगुणोक्ती. ‘चाफा बोलेना’ म्हणताना चाफ्याला रुसवा दिला की तिथलं काम भागतं. शोकांतिकेत मात्र कुणाचा तरी जीव गेलेला असतो, कुणाचं तरी घर बसलेलं असतं, आणि ‘हे केलं कुणी?’ हा प्रश्न अख्ख्या नाटकावर टांगलेला असतो. अशा ठिकाणी कुणी ‘काळाने हे उघड केलं’ किंवा ‘रोगाने झडप घातली’ म्हणालं, की कर्तेपण एकाच्या पदरातून निघून दुसऱ्याच्या पदरात पडतं. म्हणून अलंकार सापडला की थांबू नका, क्रियापद धरा. ते कुणाला दिलं? देणारा कोण? नाटकाच्या कुठल्या क्षणी दिलं? आणि पुढे ते कुणी परत घेतलं का? यातला शेवटचा प्रश्न बहुतेक उत्तरपत्रिकांत गायब असतो, आणि खरी गंमत तिथेच असते.

आधी मराठी वाचकाला हमखास लागणारी एक ठेच. आपल्या भाषेत सगळ्या भावना मुळातच चालत्या-फिरत्या आहेत. राग येतो, झोप येते, भूक लागते, झिंग चढते, कंटाळा तर न बोलावता येतो. ‘मला राग आला’ या वाक्यात व्याकरणाने कर्ता राग आहे आणि मी नुसता ‘मला’. पण ही चेतनगुणोक्ती नव्हे, हे रोजचं बोलणं झालं. त्यामुळे दोन उलट चुका होतात. ‘दुःख आलं’ दिसलं की विद्यार्थी लगेच अलंकार लिहून मोकळे होतात. उलट भाषांतरकार मूळ नाटकातल्या जिवंत दुःखाला ‘दुःख झालं’ करून मारून टाकतो. पारख करायला तीन प्रश्न पुरतात. त्या गोष्टीला दारात अडवता येईल का? तिला एखादं नातं, अवयव, वस्त्र किंवा हत्यार दिलं आहे का? तिच्याशी कुणी बोलतं आहे का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तरी ती जिवंत आहे असं समजावं. ‘झोप आली’ यात तीनही ‘नाही’. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ यात मात्र पहिल्याच प्रश्नाला ‘हो’: काळ दाराशी येऊन परत गेला.

आता एकच नाटक जवळून पाहू. सोफोक्लीसचं ‘राजा ईडिपस’ घेतो, कारण त्यात हे सगळं एकाच विणीत दिसतं. गोष्ट थोडक्यात अशी: थीब्जच्या आधीच्या राजाचा मारेकरी ईडिपस शोधतो आहे; तो मारेकरी तो स्वतःच, मेलेला राजा त्याचा बाप आणि बायको योकास्टा त्याची आई निघते, आणि हे कळल्यावर तो स्वतःचे डोळे फोडतो. ओळींचे क्रमांक मूळ ग्रीक संहितेचे आहेत. चांगल्या भाषांतरांत ते समासात छापलेले असतात.

सुरुवातीला थीब्ज नगरीत साथ पसरली आहे. पुजारी राजाला सांगतो की आग घेऊन येणारा देव, म्हणजे ती अत्यंत द्वेष्य साथ, शहरावर झडप घालून त्याला हाकलते आहे (ओळ २७-२८). लगेच पुढे, काळा हेडीस, मृतांचा राजा, आमच्या हुंदक्यांनी आणि आक्रोशांनी श्रीमंत होतो आहे (२९-३०). ही साथ देव की रूपक? मराठी वाचकाने इथे अडखळायचं कारण नाही. पटकीला मरीआई म्हणणारी आणि तिचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडणारी माणसं हा अलंकार आहे की श्रद्धा, असा भेद करत बसत नव्हती. ग्रीक प्रेक्षकांचंही बऱ्याच अंशी तसंच होतं. ज्याला काही करता येतं, ते कुणीतरी आहे. म्हणून ‘हा देव की अलंकार’ या वादात परीक्षेची दहा मिनिटं घालवू नयेत. पुजारी साथीला मारेकरी ठरवतो, आणि खरा मारेकरी त्याच्यासमोर उभा राहून ते ऐकतो आहे, हे लिहावं.

त्यानंतरच्या ज्या ठळक चेतनगुणोक्ती आहेत, त्यांत एक समान धागा आहे. बघा जमतंय का ते. कोरस, म्हणजे नाटकात एकत्र गाणारा समूह, देववाणीला ‘सोनेरी आशेची लेक’ म्हणतो (१५७). पुढे तो ज्या सनातन कायद्यांचं गाणं गातो, त्यांचा बाप एकटा ऑलिंपस, देवांचा डोंगर. मर्त्य माणसाने त्यांना जन्म दिलेला नाही आणि विस्मृती त्यांना कधी निजवणार नाही (८६५ पासून). मग लगेच: उन्मत्तपणा जुलमी राजाला जन्म देतो (८७३). लेक, बाप, जन्म. ज्या नाटकात ‘हा मुलगा कुणाचा?’ एवढाच काय तो प्रश्न आहे, त्यात जी अमूर्त गोष्ट जिवंत होते ती कुणाची तरी आई, बाप नाहीतर लेकरू होऊनच येते. चेतनगुणोक्ती इथे वरून लावलेली वेलबुट्टी नाही. नाटकाचा विषयच त्या वाक्यांत झिरपतो आहे.

या धाग्याची गाठ १०८० व्या ओळीत बसते. कॉरिंथहून निरोप्या आला आहे. ईडिपस कॉरिंथच्या राजाचा पोटचा मुलगा नव्हे, तो सिथेरॉन डोंगरात सापडलेला आहे, हे कळलं आहे. योकास्टाला सगळं उमगतं. ती ‘पुढे शोधू नकोस’ म्हणून विनवते आणि शेवटी त्याला नुसतं ‘अभागी’ म्हणून आत निघून जाते. ईडिपसला वाटतं, नवरा हलक्या कुळातला निघाला म्हणून बाईसाहेबांना लाज वाटते आहे. आणि तो म्हणतो: मी स्वतःला योगायोगाचं लेकरू मानतो, भरभरून देणाऱ्या योगायोगाचं, तीच माझी आई, आणि महिने माझे भाऊबंद, त्यांनीच मला कधी लहान तर कधी मोठा केला.

आता आपले पहिले तीन प्रश्न लावा. क्रियापद कुणाला दिलं? योगायोगाला, ग्रीकमध्ये ‘त्यूखे’, स्त्रीलिंगी. ती जन्म देते. कोण देतो? ज्याची खरी आई नुकतीच त्याच्यासमोरून उठून गेली तो. कधी? सत्य उघडं पडायला जेमतेम शंभर ओळी उरल्या असताना. आणि हा शब्द आला कुठून? इथे शंभर ओळी मागे जावं लागतं. ९७७ व्या ओळीत योकास्टाच म्हणाली होती की माणसाने भ्यायचं कशाला, सगळं योगायोगाच्या हाती आहे, जमेल तसं जगावं. तिच्या तोंडी तो शब्द साधा होता. ईडिपसने तो उचलला आणि त्याला ‘आई’ केलं. शब्द ज्या तोंडातून आला ते तोंड त्याच्या आईचंच होतं. संहितेत याची कुणी जाणीव करून देत नाही. वाचणाऱ्याने दोन ओळी शेजारी ठेवल्या तरच हे दिसतं.

कोरसही या लाटेवर चढतो. सिथेरॉन डोंगराला तो ईडिपसचा देशबंधू, दाई आणि आई म्हणतो (१०९१ च्या आसपास). पाचदहा ओळींत दोन आया झाल्या, आणि तिसरी आत दार लावून घेते आहे.

१०८० ची ओळ भाषांतरात नेमकी इथेच कोसळते. त्यूखेचं भाषांतर सर्रास ‘दैव’ असं केलं जातं. मग ईडिपस म्हणतो, ‘मी दैवाचं लेकरू आहे.’ पण हे तर खरंच आहे! त्याचं जन्माआधी भाकीत झालेलं आहे. मूळ ओळीचा विनोद, तिची भीषणता, ही आहे की तो बरोबर उलटं म्हणतो: माझ्यामागे काही लिहिलेलं-बिहिलेलं नाही, मी सहज घडलेलो आहे. ‘दैव’ लिहिलं की तो अजाणता सत्य सांगू लागतो आणि सगळा पीळ सुटतो. ‘नशीब’ थोडं बरं, ‘योगायोग’ सर्वांत जवळचं. पण योगायोग पुल्लिंगी, त्यामुळे ‘आई’ म्हणताना वाक्य अडखळतं. त्यावर उपाय असा की लिंगाची ओढाताण करूच नये, ‘मला जन्म दिला तो योगायोगाने, माझी आई म्हणायची तर तीच’ असं दोन दमांत म्हणावं.

हा ‘दैव’ शब्द म्हणजे मराठी भाषांतरांतली मोठी कोठी आहे, काहीही उचललं की तीत टाकलं. ग्रीकमध्ये निदान चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘मोइरा’ म्हणजे वाटा, प्रत्येकाच्या ताटात वाढलेला हिस्सा. ‘त्यूखे’ म्हणजे जे घडतं, लागून जातं ते. ‘आते’ म्हणजे बुद्धीला पडलेली भूल आणि त्या भुलीतून होणारा नाश, दोन्ही एकाच शब्दात. ‘दाइमोन’ म्हणजे नाव न घेता येणारी, अंगावर येणारी शक्ती. आंधळा झालेला ईडिपस बाहेर येतो तेव्हा उडी मारणारा दाइमोन असतो (१३०० च्या पुढे). तिथे ‘दैवाने उडी मारली’ लिहिलं तर वाचकाला हसू येईल, आणि त्याची चूक नाही. दैव उडी मारत नाही, ते देतं किंवा नेतं. मराठीत कुठल्या अमूर्त गोष्टीला कुठलं क्रियापद शोभतं याचे स्वतःचे कायदे आहेत. शब्द निवडण्याआधी क्रियापद निवडा, मग त्याला शोभेल असा कर्ता शोधा. भाषांतरात हा उलटा क्रम जास्त कामाला येतो.

सत्य ११८२ व्या ओळीला बाहेर पडतं. त्यानंतर चेतनगुणोक्तीचा नूरच पालटतो. आई-बाप-लेक ही नाती बहुतेक विरतात आणि निर्जीव वस्तू साक्षीदार होतात. कोरस गातो: सगळं पाहणाऱ्या काळाने तुला, तुझी इच्छा नसताना, शोधून काढलं (१२१३). ईडिपस स्वतः सिथेरॉनला विचारतो, मला का स्वीकारलंस, घेतल्या घेतल्या मारून का टाकलं नाहीस (१३९१). आणि मग त्या तिवाठ्याला, जिथे त्याने बापाला मारलं होतं: माझ्या हातून माझं, माझ्या बापाचं रक्त तुम्ही प्यायलात; आठवतो का मी तुम्हांला अजून (१३९८ पासून)? तीन वाटा पितात आणि लक्षात ठेवतात. ज्या माणसाला आपणच काय केलं ते उमगलं नव्हतं, त्याचं स्मरण रस्त्याने सांभाळलं.

१२१३ बद्दल आणखी एक खबरदारी. मराठीत ‘काळ’ म्हणजे वेळही आणि मरणही. ‘काळाने तुला गाठलं’ असं लिहिलंत तर मराठी वाचकाच्या लेखी ईडिपस मेला. ग्रीक ‘ख्रोनोस’मध्ये मरण नाही. म्हणून ‘शोधून काढलं’ हेच ठेवा. शिवाय ‘शोधणं’ हे क्रियापद नाटकभर ईडिपसचं आहे: मारेकरी शोधतो तो, साक्षीदार शोधतो तो. आता तेच क्रियापद काळाकडे गेलं आणि ईडिपस कर्म झाला.

पण इथेच घाईने ‘म्हणजे माणूस बाहुलं आणि काळ, दैव सर्वसमर्थ’ असा निष्कर्ष काढू नये. कोरस विचारतो की डोळे फोडायला तुला कोणत्या शक्तीने प्रवृत्त केलं. उत्तर दोन तुकड्यांत येतं (१३२९ पासून): अपोलो, मित्रांनो, अपोलोने माझी ही दुःखं पुरी केली, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच होता. देवाला एक क्रियापद, स्वतःला एक. नाटकभर इकडून तिकडे फिरलेलं कर्तेपण इथे त्याने आपल्या हातात परत घेतलं, आणि तेही अपोलोला न सोडता. ज्या उत्तरात ही ओळ नाही ते उत्तर अपुरं.

आता देह धारण करून येणाऱ्यांकडे. या बाबतीत वाचकांपेक्षा दिग्दर्शकांची जास्त गफलत होते.

‘बंदिस्त प्रोमेथ्यूस’ या नाटकाचा (परंपरेने एस्किलसच्या नावावर, कर्तृत्वाबद्दल वाद आहे) पहिलाच प्रवेश पाहा. क्रातोस आणि बिआ देवांची आग चोरून माणसांना देणाऱ्या प्रोमेथ्यूसला निर्मनुष्य कड्यावर आणतात आणि हेफेस्टस लोहाराकडून त्याला ठोकून घेतात. क्रातोस म्हणजे सत्तेचं बळ, बिआ म्हणजे बळजबरी. आपल्याकडे ‘बळ’ नपुंसकलिंगी आणि ‘बळजबरी’ स्त्रीलिंगी. ग्रीकमध्येही तंतोतंत तसंच आहे. बळ आणि बळजबरी, जोडी मराठीत आयती लागते. क्रातोस सतत आज्ञार्थात बोलतो: ठोक, आवळ, पाचर छातीतून आरपार घाल. बिआ एक अक्षर बोलत नाही. बळजबरीला बोलायची गरजच काय? पण बऱ्याच प्रयोगांत ‘संवाद नाहीत’ म्हणून तिला गाळतात आणि प्रवेशाचा निम्मा दरारा जातो. तिला ठेवा, आणि हलवू नका. हेफेस्टस मध्येच क्रातोसला म्हणतो की तुझी जीभ तुझ्या रूपासारखीच बोलते (७८). म्हणजे मुखवटा आणि भाषा एकमेकांना धरून असायला हवीत, ही रंगसूचना संहितेनेच दिली आहे.

सगळे निघून गेल्यावर प्रोमेथ्यूस प्रथमच बोलतो, आणि कुणाशी? आकाशाशी, वाऱ्यांशी, नद्यांच्या उगमांशी, समुद्राच्या लाटांच्या अगणित हास्याशी, पृथ्वीशी, सूर्याशी (८८-९२). एका पानात दोन्ही प्रकार आले: आधी देह असलेली, निर्दय, मग नुसत्या हाकेने जिवंत केलेली, आणि तीही उत्तर न देणारी. लाटा हसताहेत. बांधलेल्या प्रोमेथ्यूससमोर.

युरिपिडीसच्या ‘अल्केस्टिस’मध्ये (इ.स.पू. ४३८) थानातोस, म्हणजे मृत्यू, सुरुवातीलाच तलवार घेऊन येतो. तलवार मारायला नाही. तिने तो अल्केस्टिसच्या, म्हणजे नवऱ्याच्या बदल्यात मरायला तयार झालेल्या राणीच्या, केसांची बट कापणार, आणि मग ती पाताळाची झाली. यज्ञाच्या पशूवर असाच आरंभाचा विधी करत. याचं भाषांतर ‘यम’ करू नये. यमाकडे न्यायनिवाडा आहे, दरबार आहे, राज्य आहे. ग्रीकांत मृतांचा राजा हेडीस. थानातोस हा उचलून नेणारा. आपल्या हिशेबाने यमदूत. तो अपोलोशी हुज्जत घालतो, तरुण मेले की मला मान मोठा मिळतो म्हणतो, आणि ऐकत नाही. सावित्रीची कथा अंगवळणी पडलेल्या प्रेक्षकाला वाटतं की आता बोलण्यात त्याला कुणीतरी हरवणार. पण बोलून अपोलोसुद्धा हरतो. पुढे वीर हेराक्लीस थडग्यापाशी दबा धरून त्याच्या बरगड्या आवळतो आणि बाईला सोडवून आणतो. चेतनगुणोक्ती इतकी पक्की आहे की मृत्यूला बरगड्या आहेत. पण ही कुस्ती रंगमंचावर होत नाही, फक्त सांगितली जाते. ती दाखवायचा मोह आवरा. दिसली की प्रहसन होतं.

माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ आहे ती ‘हेराक्लीस’ नाटकातली (इ.स.पू. ४१६ च्या आसपास) लिस्सा. लिस्सा म्हणजे वेड, पण कुत्र्याच्या पिसाळण्यालाही ग्रीकमध्ये हाच शब्द आहे, त्यामुळे आपलं ‘पिसाळणं’ हे क्रियापद अर्थाने अगदी लगतचं. अडचण नामाची. ‘वेड’ नपुंसकलिंगी, ‘उन्माद’ पुल्लिंगी, आणि लिस्सा तर रात्रीची मुलगी. ‘वेडाबाई’ केलंत तर हशा पिकेल. नाव तसंच ठेवून पहिल्या वाक्यात ‘माणसाला पिसाळवणारी’ अशी ओळख करून दिलेली बरी.

प्रसंग असा: हेराक्लीसने नुकताच आपल्या बायको-मुलांना जुलमी राजाच्या तावडीतून सोडवलं आहे. घराच्या छतावर देवांची दूती आयरिस आणि लिस्सा प्रकटतात. झ्यूस देवाची बायको हेरा हिची आज्ञा आहे, याला वेडा कर, स्वतःच्या हाताने मुलं मारू दे. आणि वेड नकार देतं. लिस्सा म्हणते, या माणसाने भूमी आणि समुद्र निर्धोक केले, पाखंड्यांनी पाडलेला देवांचा मान उभा केला. मला हे पटत नाही. आयरिस फटकारते: झ्यूसच्या बायकोने तुला शहाणपणा करायला पाठवलेलं नाही. लिस्सा सूर्याला साक्षी ठेवते की जे मी करते आहे ते माझ्या मनाविरुद्ध, आणि मग घरात शिरते. आत तीन मुलं आणि बायको मरतात.

आपल्या नलोपाख्यानात कलीला नळाच्या अंगात शिरायला बारा वर्षं वाट पाहावी लागली. पाय न धुण्याची एक चूक हाती लागली तेव्हा कुठे दार उघडलं. युरिपिडीसने दारच ठेवलेलं नाही. माणसाची चूक नाही, वेडाची इच्छा नाही, तरी क्रियापद घडतं. इथे चेतनगुणोक्तीने नायकाची सुटका होत नाही. उलट ज्याच्यावर दोष ठेवायचा, तो वेडाचा देहही हात झटकतो. उरते हुकूम सोडणारी, जी रंगमंचावर आलेलीच नाही.

लिस्साच्या भूमिकेत नट पहिल्या वाक्यापासून केस पिंजारून, आवाज थरथरवत येतात. चूक. संहितेतच खूण आहे: सुरुवातीचं बोलणं नेहमीच्या संवादाच्या छंदात आहे, आणि ८५५ व्या ओळीपासून छंद बदलून धावता, दुडक्या चालीचा होतो. तोवर ती त्या छतावरची सर्वांत शहाणी व्यक्ती आहे. वेग तिथून पुढे.

चेतनगुणोक्ती नाटकाच्या अंगात हळूहळू कशी भरत जाते हे पाहायचं तर एस्किलसची ओरेस्टेस-त्रयी (इ.स.पू. ४५८) सलग वाचावी, तुकड्यांत नाही. सूड उगवणाऱ्या एरिन्युएस पहिल्या नाटकात आधी गाण्यांतला नुसता शब्द आहेत. मग भविष्य पाहणाऱ्या कासांड्राला त्या राजवाड्यावर बसून, माणसाचं रक्त पिऊन गाताना दिसतात. बाकी कुणाला नाही. दुसऱ्या नाटकाच्या शेवटी आईला मारून आलेल्या ओरेस्टेसला दिसतात, तो कोरसला म्हणतो की तुम्हांला दिसत नाहीत, मला दिसतात. तिसऱ्यात त्या स्वतःच कोरस होऊन समोर येतात आणि झोपेत घोरतात, कण्हतात. ते आवाज संहितेत नोंदलेले आहेत. शब्द, एकीची दृष्टी, एकाची दृष्टी, सर्वांसमोर देह. त्या दिसायला लागल्या म्हणूनच ओरेस्टेसवरच्या खटल्यात त्या फिर्यादी होऊ शकतात, त्यांच्याशी वाटाघाट होऊ शकते. गाण्यातल्या शब्दाशी तडजोड कोण करणार?

संपादकांचा एक प्रश्न आपल्यासाठी आयताच सुटतो. इंग्रजी भाषांतरात मोठं अक्षर दिसलं की वाचक समजतो, ही देवता. लहान दिसलं की नुसता गुण. पण इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक एकाच प्रकारच्या अक्षरांत लिहिलं जाई; मोठं-लहान हा आजच्या संपादकाचा निर्णय आहे. देवनागरीत हा भेद नाहीच, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. ‘न्याय’ लिहिलं की तो गुणही राहतो आणि देवताही. भाषांतरकार घाबरून प्रत्येक ठिकाणी ‘न्यायदेवता’, ‘मृत्युदेवता’, ‘आशादेवी’ करत सुटतात आणि ही धूसरता हरवते. जिथे ती देहाने येते किंवा तिची पूजा होते तिथेच ‘देवता’ जोडा.

शेक्सपिअरकडे आलं की देह जातो, उद्गार उरतो, आणि पात्राच्या मनाचा हात अधिक दिसतो. मॅकबेथ झोपलेल्या राजाला मारून येतो आणि सांगतो की आवाज आला, मॅकबेथने झोपेचा खून केला. चेतनगुणोक्ती इथे कर्त्यात नाही, कर्मात आहे. खून त्याने कबूल केला, पण मेलेला बदलला: डंकनच्या जागी झोप. मुलींनी दार बंद केलेला राजा लिअर वादळात वाऱ्यांना गाल फुटेस्तोवर वाहा म्हणतो, मग त्यांना दोषमुक्त करतो, कारण मी तुम्हांला कधी राज्य दिलं नाही, लेकरं म्हटलं नाही. आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा त्यांना मुलींचे नोकर ठरवतो. दहा-बारा ओळींत जीव घातला, काढला, परत घातला. त्याचं मन कसं झोके खातंय ते या तीन क्रियांत मोजता येतं. लिअरवरून स्फुरलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) बाण उलटा फिरवला आहे: तिथला म्हातारा वादळाला माणूस करत नाही, स्वतःलाच तुफान म्हणवून घर मागतो. चेतनगुणोक्तीची ही पाठची बाजू. निर्जीवाला घर लागत नाही, आणि त्याला हवं आहे घरच.

उत्तरपत्रिकेत लिहायचं तर १२१३ ची ओळ घ्या. कच्चं उत्तर असं असतं: ‘काळाला डोळे आहेत अशी कल्पना केल्यामुळे येथे चेतनगुणोक्ती अलंकार साधला आहे.’ एवढ्यावर एखादा गुण मिळतो. पक्कं उत्तर साधारण असं: ‘ईडिपस आत धावत गेल्यावर कोरस ही ओळ गातो. पाहणं आणि शोधणं ही दोन्ही क्रियापदं काळाला दिली आहेत. आतापर्यंत ती ईडिपसची होती. शोधणारा सापडला, आणि “इच्छा नसताना” या शब्दांमुळे त्याचा कर्तेपणाचा दावा सुटला. सुमारे एकशेतीस ओळी आधी त्याने योगायोगाला आई म्हटलं होतं आणि महिन्यांना भाऊबंद, म्हणजे काळाचेच तुकडे आपले सोयरे मानले होते. आता तोच काळ त्याच्या विवाहाचा निवाडा करतो. पुढे १३२९ नंतर डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच, असं म्हणून तो एक क्रियापद परत मिळवतो.’ सातएक वाक्यं, चार संदर्भ. ‘अलंकार’ हा शब्द त्यात एकदाही आला नाही तरी हरकत नाही.